विजयदुर्ग ते जयगड शिडाच्या होडीने: रत्नदुर्गाचं टोक किती वाजता गाठावं?

खारावारा | ७ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी पंचवीस फुटी शिडाची होडी घेतली, ते इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. (हौसेला मोल नसतं पण दुरुस्तीला असतं, असं तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं. त्या माणसाला माझा नमस्कार.) दिवाळीपासून होडी विजयदुर्गला वाघोटन खाडीत नांगरलेली आहे. आता ती जयगडला न्यायची आहे. आमच्यातल्या एकाचं घर तिकडे आहे आणि पावसाळ्याआधी तिथेच वर ओढायची आहे.

होडी फायबरची, साडेतीन फूट पाणी लागतं. मागे ९.९ एचपीचं आउटबोर्ड इंजिन. इंजिन आणि शीड मिळून साडेचार नॉट (तासाला साडेचार सागरी मैल) धरतो, त्याहून जास्त स्वप्नातसुद्धा नाही. माणसं तीन, त्यातला एक उलट्यांचा मानकरी.

अंतर असं: विजयदुर्ग ते रत्नागिरीचं टोक (रत्नदुर्ग किल्ला आहे ते) साधारण २६ सागरी मैल. टोकापासून जयगडची खाडी आत शिरेपर्यंत अजून २०. एकूण ४६, म्हणजे सव्वादहा तास. १८ तारखेला शनिवारी पहाटे पाचला नांगर उचलायचा, अकराच्या सुमारास रत्नदुर्ग, साडेतीनला जयगड. उजेडात पोचणं हाच सगळ्या बेताचा पाया, कारण रात्री जाळ्यांची भीती वाटते.

टोक किती लांबून घ्यावं यावर आमच्यात भांडण चाललंय. एक म्हणतो पाव मैलावरून जाऊ, किल्ल्याचे फोटो मिळतील. दुसरा म्हणतो तीन मैल बाहेर. मी अध्यक्ष, म्हणून इथे विचारतोय.

---

मी_पामर | ७ जानेवारी, रात्री ११.०५

सव्वादहा तास? तेवढ्या वेळात लाल डब्याने विजयदुर्गहून जयगडला जाऊन, जेवून, झोपून परत येता येईल. होडी ट्रकवर टाका आणि मोकळे व्हा.

---

खारावारा | ७ जानेवारी, रात्री ११.१२

ट्रकचा भाव काढला होता. त्या पैशांत अजून एक शीड शिवून होतं. शिवाय ट्रकवरच्या होडीत बसून फिरण्यात काय मजा?

---

उजवा_दिवा | ८ जानेवारी, सकाळी ७.३०

तीस वर्षं जहाजांवर काढली, आता घरी कुंड्यांना पाणी घालतो, तेव्हा जरा लांबण लावणार आहे. वाचून घ्या.

खारावारा, तुमची अंतरं बरोबर आहेत, वेग बरोबर, भागाकारही बरोबर. पण बेत चुकलाय. कारण तुम्ही रत्नदुर्गाच्या टोकावर बरोब्बर अकराला पोचताय, आणि अख्ख्या दिवसात तिथे पोचायची ती सगळ्यात वाईट वेळ आहे.

जानेवारीत कोकणच्या किनाऱ्यावर दिवसाला दोन वारे असतात. मध्यरात्रीनंतर जमीन गार होते आणि जमिनीवरून मतलई सुटतो, पूर्वेचा नाहीतर ईशान्येचा. पहाटे त्याचा जोर असतो, आठ-नवाच्या सुमाराला तो मरतो. मग तास-दोन तास पाणी तेल ओतल्यासारखं गप्प. अकरा-साडेअकराला वायव्येकडून खारा वारा येतो आणि दुपारी दोन-तीनपर्यंत दहा-पंधरा नॉटवर जातो. सूर्य बुडाला की उतरतो. गोव्याकडे जाणाऱ्याला हा वारा पाठीवर मिळतो, म्हणून मुंबई-गोवा करणारे सगळे खुशीत असतात. तुम्ही उलटे निघालात. म्हणजे टोक ओलांडताक्षणी तो तुमच्या तोंडावर, आणि पुढे जयगडपर्यंतचे २० मैल तोंडावरच. तिथे तुमचे साडेचार नॉट विसरा. आखूड उभ्या लाटेत पंचवीस फुटी होडी आउटबोर्डवर दोन-अडीच नॉट काढेल. साडेतीनचं जयगड रात्री आठला दिसेल. उजेडात पोचायचा पाया तिथेच ढासळला.

आता टोकाचं. उघड्या टोकापाशी एकच त्रास नसतो, तीन एकदम येतात. वारा किल्ल्याच्या कड्याला वळसा घालतो तेव्हा दाबला जातो, त्यामुळे मोकळ्या समुद्रात दहा असेल तर टोकाशी पंधरा. दुसरं, हिवाळ्यात आपल्या किनाऱ्याने प्रवाह उत्तरेकडे वाहतो (पावसाळ्यात उलटा, दक्षिणेकडे). तुम्हाला वाटेल बरं झालं, ढकलणारा मिळाला. पण वायव्येचा वारा त्या प्रवाहाच्या विरुद्ध वाहतो आणि लाट तोकडी, उभी होते. तिसरं, कड्यावर आपटून परत फिरणारी लाट. समोरून येणारी आणि परतणारी एकमेकींना भेटल्या की तिथे लाट पुढे जात नाही, जागच्या जागी वरखाली होते. त्यात शिडाला वारा मिळत नाही आणि सुकाणूला पाणी मिळत नाही.

अजून एक. निघायच्या आधी तीन-चार दिवस अरबस्तानाकडे लक्ष ठेवा. तिकडे शमाल (वायव्येचे जोरदार) वारे सुटले की दोनेक दिवसांनी आपल्याकडे वायव्येची लांब लाट येते, इथे वाऱ्याचं नाव नसलं तरी. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राच्या लाटांच्या अंदाजात ती दिसते. फोनवरच्या अ‍ॅपवर फक्त वाऱ्याचे बाण बघून निघू नका. खारा वारा त्यांना धड दिसत नाही, टोकाशी तो दीडपट होतो हे तर बिलकूल दिसत नाही.

माझा सल्ला: दोन टप्पे करा. पहिल्या दिवशी टोकाच्या दक्षिणेला थांबा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत टोक मागे टाका.

---

खारावारा | ८ जानेवारी, दुपारी १.२०

काका, धन्यवाद. वाचून जरा गार पडलो. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे दोन टप्पे करायचे तर सकाळी नवाच्या आत रत्नागिरी हवी, म्हणजे विजयदुर्गहून रात्री दोनला निघायचं. तीच तर भीती होती. दुसरं, दोघांना सोमवारी ऑफिस आहे. काही गडबड झाली तर होडी रत्नागिरीला सोडून यावी लागेल.

अकराऐवजी दहाला टोक गाठलं तर एका दमात नाही का जमणार? घासाघीस करतोय, माहीत आहे.

---

उजवा_दिवा | ८ जानेवारी, दुपारी २.०५

घासाघीस भाजीवालीशी करा. आणि सोमवारच्या ऑफिससाठी निघणारी होडी मला कधीच आवडली नाही. रत्नागिरीला होडी सोडून यावी लागली तर ट्रेनने या, पुढच्या शनिवारी परत जा. रत्नागिरी काही वाईट गाव नाही.

---

भाट्येकर | ८ जानेवारी, रात्री ९.१५

आमचं घर खाडीच्या तोंडाशी, टोक रोज बघतो. काकांनी सांगितलं त्यात शब्दाचा फरक नाही. वडील ट्रॉलरवर तांडेल (कप्तान) होते, ते टोकाला "म्हातारा" म्हणायचे. सकाळी झोपेत असतो तेव्हा पुढून निघून जा, दुपारी जागा झाला की नावं ठेवतो.

ज्यांनी नकाशा बघितला नाही त्यांच्यासाठी: रत्नदुर्गाला तिन्ही बाजूंनी पाणी आहे. उत्तरेला मिऱ्या आणि पांढरा समुद्र, दक्षिणेला मिरकरवाडा, मांडवी, म्हणजे काळा समुद्र. वाळूच्या रंगावरून नावं. वायव्येच्या वाऱ्यात दक्षिणेची बाजू टोकाच्या आडोशाला येते. तेव्हा मुक्काम दक्षिणेला, काहीही झालं तरी उत्तरेला नाही. उत्तरेची बाजू वाऱ्याला उघडी पडलेली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं अख्खं जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिलं. ते वादळ होतं, तुमच्या जानेवारीत तसलं काही नसतं, पण वारा माल कुठे नेऊन टाकतो ते त्यावरून कळतं.

मिरकरवाड्याच्या बंदरात आत शिरायचा हट्ट धरू नका. ट्रॉलर एकाला एक चिकटून उभे असतात, तुमच्या फायबरची पापडी होईल. मांडवीसमोर बाहेर नांगर टाका. डुलेल, झोप कमी लागेल, पण सुरक्षित.

जाळ्यांचं: जानेवारीत पर्ससीनवाले (मोठं जाळं गोल घेरून टाकणारे) नसतात, त्यांची मुदत ३१ डिसेंबरला संपते. ट्रॉलर आणि तरंगती जाळी असतात. जाळ्याच्या टोकांना लुकलुकणारे छोटे दिवे असतात. दोन दिवे एका ओळीत दिसले की मधून जायचं नाही, मधे जाळं आहे. एकाच्या बाहेरून वळसा घाला. ट्रॉलरच्या मागून पण नाही, तो ओढतोय. आणि पहाटे मिरकरवाड्यातून बाहेर पडणाऱ्या बोटी तुम्हाला वाट देतील ही आशा सोडा. त्यांना घाई असते आणि तुमचा दिवा त्यांना मेणबत्तीएवढा दिसतो.

टोकापासून अंतर: पाव मैलाचे फोटो घरच्यांना दाखवायला उरलात तर दाखवा. दीड मैल ठेवा.

---

कुर्ली | ८ जानेवारी, रात्री १०.५०

पाव मैलवाल्या मित्रासाठी माझा अनुभव लिहिते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका ओळखीच्यांच्या होडीवर गोव्याहून परत येताना मी होते. अठ्ठावीस फुटी होडी, चार माणसं, तिघं शिकलेली. रत्नदुर्गाच्या टोकाला दुपारी एक वाजता पोचलो, कारण पूर्णगडपाशी मासे घ्यायला थांबलो होतो. (सुरमई. मोह.) टोक जवळून घेतलं, सहाशे मीटर असेल. भांडण नको म्हणून कोणी काही बोललं नाही, हे विशेष.

पहिली दहा मिनिटं मजा. मग होडी वर जायला लागली, खाली जायला लागली, पण पुढे जाईना. मी दीपगृह आणि त्याच्या खालची एक काळी चीर एका ओळीत धरून ठेवली होती. पाऊण तास ती ओळ हलली नाही. दर लाटेला पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळायचं, मग पुन्हा बुडून घुसमटायचं. आत खाली स्टोव्हवरचं भांडं उडालं आणि डाळ माझ्या झोपायच्या पिशवीत गेली. आणि मग इंजिन बंद. टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला गाळ हेलकाव्यांनी ढवळला गेला आणि फिल्टर तुंबला. शांत पाण्यात ते इंजिन शंभर तास चाललं असतं.

नशिबाने मोठं शीड अर्धं वर होतं. वळून वारा पाठीवर घेतला आणि वीस मिनिटांत मांडवीसमोर. त्याच वाऱ्यात, त्याच होडीत. त्या दिवशी कळलं की मागे फिरणं किती सोपं असतं. आधी का नाही फिरलो, याचं उत्तर चौघांपैकी कोणाकडे नव्हतं.

खारावारा, टाकी साफ करा. निघायच्या आधी, आजच.

---

मी_पामर | ८ जानेवारी, रात्री ११.०२

डाळ झोपायच्या पिशवीत… वाचूनच मला बोट लागली.

---

चिंबोरी | ९ जानेवारी, सकाळी ८.४०

१७ ला संकष्टी आहे, लक्षात आलं का कोणाच्या? चंद्रोदय साडेनवाच्या आसपास. मोदक खा, चंद्र बघा, झोपा आणि दोनला निघा, चंद्र डोक्यावर असेल. रात्रीच्या जाळ्यांची निम्मी भीती तिथेच गेली. आणि दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्यासमोरून जाणार. याहून जास्त शुभ काय हवं?

भरतीसाठी आमच्या आजोबांचा हिशोब: तिथीची पाऊणपट. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पुनवेला बाराच्या आसपास. कोष्टक नाही, फोन नाही.

---

उजवा_दिवा | ९ जानेवारी, सकाळी ९.१०

आजोबांना सलाम, पण ती पाऊणपट मुंबई-अलिबागकडची. भरती आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे विजयदुर्ग-रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते. कोष्टकात बघून घ्या. तसंही या प्रवासात भरतीला फार महत्त्व नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं, रत्नागिरीला दोनाच्या आसपास. तुम्ही पुनवेनंतर चार दिवसांनी निघताय, उधाण ओसरून भांगाकडे (लहान भरतीकडे) निघालेलं असेल. भरती बघायची ती खाडीत शिरताना. विजयदुर्गला त्याचीही चिंता नाही, तोंडाशी वाळूचा बांध नाही, म्हणून तर ते आरमाराचं बंदर. फक्त बाहेर पडताना किल्ल्याच्या पश्चिमेला चिकटू नका, तिकडे पाण्याखाली जुनी भिंत आहे.

---

टोळभैरव | ९ जानेवारी, सकाळी ११.३०

विजयदुर्ग म्हटल्यावर सांगतो, हेलियमचा शोध तिथेच लागला. ग्रहण बघायला बांधलेले साहेबाचे ओटे अजून आहेत. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास ग्रहण.

---

चिंबोरी | ९ जानेवारी, सकाळी ११.५५

ग्रहण खरं, ओटे खरे. पण ज्याचं नाव हेलियमशी जोडतात तो लॉकियरसाहेब तेव्हा इंग्लंडात होता, त्याने सूर्याचा वर्णपट तिथूनच ऑक्टोबरात पाहिला. आणि हा धागा होडीचा आहे.

---

खारावारा | १० जानेवारी, रात्री ९.००

ठरलं. भांडण मिटवलं, फोटोवाल्याला तांडेलपदावरून काढून स्वयंपाकावर टाकलं.

नवा बेत असा. शनिवारी पहाटे दोनला विजयदुर्ग. मतलई उजव्या अंगाला घेऊन किनाऱ्यापासून तीन मैलांवरून उत्तरेला. जैतापूर, आंबोळगड, पूर्णगड उजवीकडे ठेवत आठच्या सुमारास रत्नदुर्गाच्या दक्षिणेला, मांडवीसमोर नांगर. दिवसभर झोप. रविवारी पहाटे पाचला निघून टोक दीड मैलावरून, साडेदहाच्या आत जयगड. पेट्रोल ४० लिटर, तासाला तीन लिटर धरून दहा-अकरा तासांचं इंजिन आणि वर थोडं. टाकी खरवडून धुतली. आत जे निघालं त्याचा फोटो टाकत नाही, कुर्लीताई जिंकल्या एवढंच.

काका, अजून काही?

---

उजवा_दिवा | १० जानेवारी, रात्री ९.४५

आता बरा दिसतोय. एकच राहिलं: मागे कधी फिरायचं ते आत्ता घरी बसून कागदावर लिहा, तिघांनी सह्या करा. समुद्रावर ठरवायला गेलात तर कुर्लीच्या चौघांसारखं होतं. मी असतो तर दोन ओळी लिहिल्या असत्या. रविवारी साडेसहाला टोक मागे पडलेलं नसेल, तर मांडवीला परत. टोकापाशी वेग तीन नॉटच्या खाली गेला आणि अर्धा तास तसाच राहिला, तर मांडवीला परत. कारण काही असो.

जमलं तर शुक्रवारी उत्तरेचा वारा किती आहे तेही पाहा. उत्तर भारतात थंडीची लाट आली की आपल्याकडे दोन-तीन दिवस रात्रंदिवस उत्तरेचा वारा पडतो, मच्छीमारसुद्धा बंदरात बसतात. तेव्हा मतलई-खाऱ्याचं हे वेळापत्रक चालत नाही, आणि तुम्हीही निघायचं नाही.

बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांना निघण्या-पोचण्याची वेळ कळवा. तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये आणि भिंतीवर, दोन्हीकडे. लाइफ जॅकेट अंगात, पेटीत नाही.

---

भाट्येकर | १० जानेवारी, रात्री १०.१०

शनिवारी मांडवीला आलात की हाक मारा, डबा पाठवतो.

---

खारावारा | २१ जानेवारी, रात्री १०.२०

मंडळी, पोचलो. वृत्तांत लिहितो, जरा सैल हाताने.

शुक्रवारी रात्री उत्तरेचा वारा नव्हता, लाट मीटरभर. जेवून झोपायचं ठरलं होतं, झोपलं कोणी नाही. दोनला दोन मिनिटं कमी असताना नांगर उचलला. चंद्र इतका लख्ख की किल्ल्याच्या भिंतीतल्या तोफांच्या फटी मोजता येत होत्या. खाडीच्या बाहेर आलो आणि मतलई अंगावर आला, गार, त्यात चुलीच्या धुराचा आणि वाळलेल्या गवताचा वास. अडीच मैल आत समुद्रात तुम्हाला कुणाच्या तरी अंगणाचा वास येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इंजिन बंद करून नुसत्या शिडावर पाच नॉट! तिघंही गप्प बसलो होतो, उलट्यांचा मानकरीसुद्धा.

पूर्णगडच्या आसपास साडेपाचला दोन हिरवे दिवे लुकलुकताना दिसले. भाट्येकरांचा नियम आठवला, डावीकडच्याच्या बाहेरून वळलो. तिसरा दिवा बंद पडलेला होता, हे कळलं तेव्हा होडी जाग्यावर थांबली होती. शीड उतरवलं. जाळं सुकाणूत आणि पंख्यात. बॅटरी तोंडात धरून, मागे पालथा पडून, ब्रेड कापायच्या सुरीने चाळीस मिनिटं. जाळं ज्याचं होतं त्याचं नुकसान झालं, त्याचं वाईट वाटलं, पण आसपास कोणी दिसलं नाही. पाणी जानेवारीतही कोमट होतं, हात काढला की मात्र वाऱ्याने काकडायचा.

त्या चाळीस मिनिटांनी वेळापत्रक बिघडलं. सव्वाआठला मतलई मेला तेव्हा आम्ही पावसच्या पुढे होतो. तिथून इंजिन, आणि सव्वानवाला मांडवीसमोर नांगर.

आता कबुली. साडेनऊ ते अकरा समुद्र असा काही आरशासारखा होता की मी दोनदा म्हटलं, जाऊ या का? एवढं छान आहे, दीड-दोन तासांत टोक मागे टाकून पुढे बघू. स्वयंपाक्याने काही न बोलता सह्यांचा कागद माझ्यापुढे धरला. अकरा वाजून वीस मिनिटांनी टोकाच्या बाहेर पाण्याचा रंग बदलला. आधी एक गडद पट्टा, मग त्यावर पांढरे ठिपके. बाराला तिथे मेंढरांचा कळप धावत असल्यासारखं दिसत होतं. आम्ही आडोशाला असून कपातला चहा हिंदकळत होता. भाट्येकरांचा डबा आला होता (बांगड्याचं तिखलं, भाकरी, सोलकढी), तो खात खात दोन तास बघत बसलो. एक ट्रॉलर उत्तरेकडे निघाला, साठ-सत्तर फुटी असेल, त्याच्या नाळीवरून (पुढच्या टोकावरून) पाणी उडून मागच्या काचेपर्यंत जात होतं.

रविवारी पाचला निघालो. अंधारात मिरकरवाड्यातून एकामागून एक बोटी बाहेर पडत होत्या, दिवे, गाणी, डिझेलचा धूर, सुक्या मासळीचा वास. त्यांच्या रांगेच्या बाहेर थांबून मोकळी जागा मिळेपर्यंत दहा मिनिटं गेली. पाच पन्नासला टोक आडवं आलं, अंतर दीड मैल. वारा पूर्वेचा सात-आठ नॉट. आणि तरीही, मंडळी, तरीही तिथे पाणी वेगळं होतं. नीट लाट अशी नाही, होडीला कुणी खालून गुडघ्याने ढोसतंय तसं, कधी डावीकडून, कधी मधूनच. दहा-बारा मिनिटं. कड्याचा आवाज दीड मैलावर ऐकू येत होता, एक जड ठोका आणि मग बराच वेळ फसफस. हे झोपलेल्या म्हाताऱ्याचं. मी पाव मैलवाल्याकडे बघितलं, तो दुसरीकडे बघत होता.

सहा पाचला ठोसे थांबले. सव्वासातला मिऱ्या-काळबादेवीच्या मागे उजाडलं. पुळ्यासमोर साडेआठला नारळ सोडला. जयगडच्या बाहेर एक प्रचंड कोळशाचं जहाज नांगरावर होतं, त्याच्या मागून वळसा घातला. तवसाळची फेरी जाऊ दिली आणि दहा पन्नासला आत नांगर. अकरा वीसला वारा आला. दोन्ही दिवस अकरा वीस, मी वहीत लिहून ठेवलंय.

---

कुर्ली | २१ जानेवारी, रात्री १०.४५

कागदाची आयडिया मी चोरणार. आणि स्वयंपाक्याचं अभिनंदन.

---

उजवा_दिवा | २२ जानेवारी, सकाळी ७.१०

छान. दोन गोष्टी. जाळं सुटत नसेल तर पुढच्या वेळी इंजिन न्यूट्रलला टाकून किल्ली काढून खिशात ठेवा, मग हात पाण्यात घाला. तुमच्या वृत्तांतात किल्लीचा उल्लेख नाही, म्हणून विचारतोय. आणि सुरी दातेरी होती की साधी?

---

खारावारा | २२ जानेवारी, सकाळी ९.३०

दातेरी. किल्ली… लाल दोरी (इंजिनातून निघाली की इंजिन बंद पडतं ती) माझ्याच मनगटाला होती, पण ती इंजिनातून काढलेली होती का ते आता तिघांपैकी कोणालाच आठवत नाहीये.

---

भाट्येकर | २२ जानेवारी, सकाळी १०.०५

डबा परत आला नाही. स्टीलचा, तीन खणांचा. आईने विचारलंय.